मनातला पेला, हातातली माती

संध्याकाळचे सात वाजलेत. दारू सोडून जेमतेम तीन आठवडे झालेला एक माणूस कामावरून घरी निघालाय. चौक येतो, परमिट रूमची लाल पाटी दिसते आणि त्याची पावलं मंदावतात. या क्षणी त्याच्या डोक्यात नेमकं काय येत असेल? ‘मला दारू हवी’ असं वाक्य? बहुतेक वेळा वाक्य येतच नाही. येतं ते चित्र. ताटलीतले खारे शेंगदाणे. बाटलीचं झाकण फिरताना होणारा ‘कट्’ असा आवाज. ग्लासाच्या बाहेरून ओघळणारं पाणी. समोर बसलेला दोस्त. घोट उतरतानाची घशातली जळजळ. अजून त्याने दुकानाची पायरीसुद्धा चढलेली नाही, आणि मनात बैठक रंगलेली आहे!

व्यसनमुक्ती केंद्रांत या अवस्थेला सगळे ‘क्रेव्हिंग’ म्हणतात. आपण तिला ओढ म्हणू. या ओढीचं चित्रांशी असलेलं नातं इतकं विलक्षण आहे की ते कळल्यावर दारू सोडणाऱ्या माणसाच्या हातात कुणी रंग, माती, टाळ किंवा कागद का देतं, हे लख्ख दिसायला लागतं. वेळ घालवण्यासाठी दिलेला तो विरंगुळा आहे असं वरवर वाटतं. प्रत्यक्षात तो ओढीच्या मर्मावर ठेवलेला हात असतो.

कसा, ते पाहू.

जॅकी अँड्रेड, जॉन मे आणि डेव्हिड कॅव्हना या तीन मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये ओढीबद्दल एक सिद्धांत मांडला. दारूचा विचार मनात नुसता डोकावून गेला तर फारसं काही बिघडत नाही, असं त्यांचं म्हणणं. असे हजार विचार येतात आणि जातात. पण मन त्या विचाराला धरून चित्र रंगवायला बसलं की खरी ओढ सुरू होते. चित्र क्षणभर सुखावतं. लगेच जाणवतं, की हे खरं नाही, हातात ग्लास नाही. ती उणीव टोचते. टोचणी शमवायला मन आणखी ठळक चित्र काढतं. ते आणखी सुखावतं आणि आणखी टोचतं. काही मिनिटांत माणूस पार कासावीस!

व्यसनात अडकलेल्या माणसाची इच्छाशक्ती कमी पडते, असं आपण सर्रास बोलतो. पण त्याच्या कल्पनाशक्तीकडे कधी पाहिलंय का? इतकं तपशीलवार, रंगीत, वासाचवीसकट चित्र तो रोज संध्याकाळी मनातल्या मनात उभं करत असतो. त्याला छळणारी ताकद ही मुळात चित्रकाराची ताकद आहे!

मग हे चित्र मन काढतं कशावर?

ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दाखवून दिलं, की मेंदूत तात्पुरत्या कामासाठी जागा असते आणि तिचे वेगवेगळे भाग असतात. शब्द आणि आकडे घोळवायला एक भाग, आकार आणि जागा मनासमोर धरायला दुसरा. हा दुसरा भाग म्हणजे मनाची पाटी समजा. शाळेत नेतात तेवढी लहानशी पाटी. तिच्यावर एका वेळी एकच चित्र नीट मावतं.

विश्वास बसत नसेल तर आत्ताच करून बघा. मनातल्या मनात आपल्या घरातून फिरा आणि एकूण खिडक्या मोजा. जमलं? आता पुन्हा तेच करा, पण त्याच वेळी बोटाने हवेत बस स्टँडपासून घरापर्यंतचा रस्ता, सगळ्या वळणांसकट, काढत राहा. खिडक्या हरवतात ना? स्वयंपाकघराची खिडकी एक की दोन, हेही आठवेना होतं. पाटी एकच आणि दोघांना तिच्यावर लिहायचंय, म्हणून ही तारांबळ.

आता ओढ या पाटीवर चित्र काढायला आली आणि पाटी आधीच भरलेली असली, तर?

हाच प्रश्न अँड्रेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका प्रयोगात विचारला. तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोग चॉकलेटच्या ओढीवर होता. साहित्य काय, तर प्लॅस्टिसिन. मुलं खेळतात ती रंगीत चिकणमाती! काही जणांना सांगितलं, दहा मिनिटं या मातीचे आकार बनवा. काहींना सांगितलं, दहा मिनिटं मन जाईल तिकडे जाऊ द्या. माती मळणाऱ्यांची ओढ दुसऱ्या गटापेक्षा कमी झाली.

अशी माती एकदा हातात घेऊन बघा. सुरुवातीला ती थंड आणि आडमुठी असते. तळहाताच्या उबेने हळूहळू नरम होते. घन करायचा म्हटलं की एक बाजू दाबावी तर समोरची फुगते, कोपरा टोकदार करावा तर शेजारची कड वाकते. बोटांना सतत विचारावं लागतं, आता किती दाबू, कुठे दाबू, हा आकार झाला का? प्रत्येक प्रश्नाचं उत्तर पाटीवर मांडावं लागतं. मग ग्लास, शेंगदाणे आणि दोस्त यांना जागा उरतेच कुठे?

खरी गंमत पुढे आहे. याच अभ्यासात काही जणांना मातीऐवजी मनात आकडे मोजायला सांगितलं होतं. तेही मनाला गुंतवणारंच काम. पण आकडे मोजून जे साधलं नाही ते मातीने साधलं. ओढ उतरली, तिची चित्रं फिकी झाली आणि चॉकलेटचे विचारही कमी वेळा आले. कारण आकडे शब्दांच्या भागात घोळतात आणि पाटी मोकळीच राहते. ‘नको, नको, आज नको’ असं माणूस मनाशी घोकत राहतो आणि तरीही पाय दुकानाकडे वळतात, त्याचा थोडा उलगडा इथे होतो. घोकणं एका भागात चालतं, चित्र दुसऱ्याच भागात रंगत असतं!

याच गटाचा आणखी एक प्रयोग २०१५ मध्ये आला. ३१ विद्यार्थी, आठवडाभराचा अभ्यास. दिवसातून अनेकदा त्यांना विचारलं जाई, आत्ता कशाची ओढ आहे? खाण्याची, कॉफीची, सिगारेटची, बिअरची? काहींना मग तीन मिनिटं टेट्रिस खेळायला दिलं जाई. वरून पडणारे ठोकळे फिरवून जागी बसवायचे, तोच जुना व्हिडिओ गेम. ओढीची तीव्रता सरासरी शंभरात ७० असायची, ती ५६ वर आली. तीन मिनिटांत! आणि आठवडाभरात हा परिणाम बोथट झाला नाही.

हे सगळे विद्यार्थी होते, वर्षानुवर्षं दारूत किंवा गर्दमध्ये, म्हणजे ब्राऊन शुगरमध्ये, अडकलेली माणसं नव्हती, हे खरं. पण ७० वरून ५६ हा फरकही किती मोलाचा असतो, ते व्यसनातून बाहेर पडणाऱ्याला विचारा. ओढ कायम टिकत नाही. ती चढते, टोकाला पोचते आणि ओसरते. वॉशिंग्टन विद्यापीठाचे ॲलन मार्लॅट आपल्या रुग्णांना हेच शिकवत: तिच्याशी झटू नका, ती ओसरेपर्यंत टिकून राहा. तेवढी मिनिटं निभावली की आजचा दिवस हातात राहतो. आणि केंद्रातून बाहेर पडलेला प्रत्येक जण तुम्हाला सांगेल, की त्याला फक्त आजचाच दिवस जिंकायचा असतो.

पण ओढीचे क्षण सोडून उरलेल्या दिवसाचं काय? इथे दुसरं आश्चर्य भेटतं, आणि त्यासाठी मॉन्ट्रियलला जावं लागतं.

१९५० च्या दशकात तिथल्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिलनर उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवत होते. एका उंदराच्या बाबतीत तार ठरलेल्या जागी न बसता भलतीकडेच बसली. विजेचा सौम्य झटका दिला की तो उंदीर घाबरून पळायचं सोडून, जिथे झटका मिळाला त्याच कोपऱ्यात पुन्हा पुन्हा यायला लागला. मग त्यांनी उंदरांनाच कळ दिली: दाबा आणि झटका घ्या. उंदीर तासाला शेकडो वेळा कळ दाबत सुटले. १९५४ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि जगाला वाटलं, मेंदूतलं सुखाचं ठिकाण सापडलं!

खरंच सुखाचं? मिशिगन विद्यापीठाचे केंट बेरिज यांनी पुढे दाखवलेली गोष्ट अचंबित करणारी आहे. त्यांनी असे उंदीर अभ्यासले ज्यांच्या मेंदूत डोपामीन हे निरोप नेणारं रसायन जवळपास उरलंच नव्हतं. हे उंदीर अन्नाकडे ढुंकून पाहत नसत, समोर ठेवलं तरी खात नसत. पण त्यांच्या तोंडात साखरेचं पाणी सोडलं, की ते चवीने ओठ चाटत! म्हणजे ‘आवडणं’ शाबूत होतं, ‘हवं असणं’ गेलं होतं. मेंदूत या दोन गोष्टींची यंत्रणा वेगवेगळी आहे.

व्यसन या दोघांची फारकत करतं. हवं असणं दिवसेंदिवस तीव्र होत जातं आणि आवडणं मात्र झिजत जातं. ‘मजा कधीच संपली होती, तरी पीतच होतो,’ असं व्यसनातून बाहेर आलेली माणसं सांगतात, तेव्हा ती मेंदूचं तंतोतंत वर्णन करत असतात.

आणि नशा थांबली की? मेंदूच्या चित्रणातून संशोधक नोरा व्होल्कोव यांनी दाखवलं, की व्यसनी माणसाच्या मेंदूत डोपामीनला प्रतिसाद देणारे रिसेप्टर कमी आढळतात. त्यामुळे पहिले काही महिने जग फिकं वाटतं. चहा, क्रिकेट, पोरांचं हसणं, कशातच रंग नसतो. घरचे म्हणतात, ‘सोडलीस ना, मग आता आनंदात का नाहीस?’ त्याला उत्तर देता येत नाही. उत्तर त्याच्या मेंदूत आहे, आणि तिथे दुरुस्ती चालू आहे. मेथॲम्फेटामीन हा अमली पदार्थ सोडलेल्या माणसांच्या मेंदूत वर्षाहून अधिक काळानंतर डोपामीनच्या यंत्रणेचा एक महत्त्वाचा भाग बराच सावरलेला आढळला, असं व्होल्कोव यांच्याच २००१ च्या अभ्यासातून दिसलं. मेंदू सावरतो. त्याला वेळ लागतो.

या कोरड्या महिन्यांत मेंदूला सोसवेल इतका, बेताचा आनंद कुठून मिळेल?

पुन्हा त्याच मॅकगिल विद्यापीठात चला. ओल्ड्स-मिलनर यांच्या उंदरांनंतर ५७ वर्षांनी, २०११ मध्ये, व्हॅलोरी सलिमपूर आणि रॉबर्ट झटोरे यांनी माणसांना त्यांचंच आवडतं संगीत ऐकवलं. ज्याने अंगावर काटा येतो, तेच संगीत. आणि मेंदूत डोकावून पाहिलं. काटा येण्याच्या क्षणी डोपामीन सुटत होतं. एवढंच काय, तो क्षण येणार याची चाहूल लागली तेव्हाही सुटत होतं, आणि तेही मेंदूच्या वेगळ्या भागात. गवई समेकडे यायला लागला की आपण सावरून बसतो ना, तो क्षण! नशेने काबीज केलेल्या वाटा सुरांनाही ठाऊक आहेत. सूर त्या वाटांनी जातात आणि काहीही उद्ध्वस्त न करता परत येतात.

सुरांचीच आणखी एक गोष्ट. नाल्ट्रेक्झोन नावाचं औषध आहे. अफू, हेरॉइन यांसारखे पदार्थ मेंदूत जिथे काम करतात ती जागा ते अडवतं, म्हणून व्यसनमुक्तीच्या उपचारांत ते वापरतात. २०१७ मध्ये, पुन्हा मॅकगिलमध्येच, डॅनियल लेव्हिटिन यांच्या गटाने एका लहानशा प्रयोगात निरोगी माणसांना हे औषध देऊन त्यांची आवडती गाणी ऐकवली. गाणं ऐकताना येणाऱ्या भावनाच निवल्या! प्रयोग छोटा आहे, त्याच्यावर फार मोठा इमला बांधू नये. पण तो सुचवतो ते थक्क करणारं आहे: गाण्याचा आनंद आणि अफूचा अंमल यांची दारं मेंदूत एकमेकांच्या अगदी जवळ असावीत.

मग दिवसभर कानात हेडफोन घालून बसलं की झालं? तसं नाही. ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार यांच्या गटाने २०१२ मध्ये लोकांची वेदना सोसण्याची क्षमता मोजली. शरीरात एंडॉर्फिन, म्हणजे शरीराने स्वतःच बनवलेली वेदनाशामकं, सुटली की ही क्षमता वाढते. ज्यांनी गायलं, ढोल वाजवला, नाच केला त्यांची क्षमता वाढली. ज्यांनी नुसतं ऐकलं त्यांची वाढली नाही. करणाऱ्यालाच फळ!

आता जरा आपल्या गावात या. भजनी मंडळात नवा माणूस आला की त्याला सतरंजीच्या कडेला नुसतं बसवून ठेवत नाहीत, हातात टाळ देतात. पखवाजाचा ठेका कानावर, टाळांचा ताल हातात, पावलीचा पाय जमिनीवर, पुढच्या ओळीची वाट पाहणारं मन आणि आजूबाजूला त्याच लयीत हलणारी माणसं. त्याचे हात, पाय, कान, गळा सगळं गुंतलेलं. गळ्यात माळ घालून माळकरी झाला की दारू सोडायची, ही आपल्याकडची जुनी रीत. त्या व्रताला साप्ताहिक भजन, एकादशी आणि वारी यांची जोड देऊन ज्यांनी ते टिकाऊ केलं, त्यांच्यापाशी ना मेंदूचं चित्रण होतं, ना एंडॉर्फिन हा शब्द. गाडगेबाबा कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारत, त्यांच्याकडून उत्तरं घेत, सगळ्यांना गायला लावत आणि त्यातच दारू सोडायला सांगत. तुकडोजी महाराजांच्या हातात खंजिरी असे. ऐकणाऱ्याला करणारा बनवायचं, ही युक्ती त्यांना शंभर टक्के उमगली होती.

आता तिसऱ्या आश्चर्याकडे येऊ. हे कागदावरच्या चित्राचं आहे.

दीर्घकाळ पिणारा माणूस बोलण्यात तरबेज झालेला असतो. बायकोला काय सांगायचं, साहेबांना काय, डॉक्टरांना काय, सगळं पाठ असतं. ‘मी कधीही सोडू शकतो’, ‘लोक तर माझ्यापेक्षा जास्त पितात’, ‘टेन्शन होतं म्हणून घेतली’. ही वाक्यं त्याने इतक्यांदा म्हटलेली असतात की ती त्याला स्वतःलाही खरी वाटतात. समुपदेशकाने कितीही खोदून विचारलं तरी तीच बाहेर पडतात. पण त्याच्यासमोर कोरा कागद आणि तेलखडू ठेवा आणि सांगा, पिण्याच्या काळात घडलेला एक प्रसंग काढा. आता काय करणार? खडूने सारवासारव करायचा सराव कुणालाच नसतो. प्रसंग काढायचा तर जागा काढावी लागते, माणसं काढावी लागतात, आणि मुलगी कुठे उभी होती हे ठरवावं लागतं. दाराआड होती. तिथे काढताना हात थबकतो. जे कुणाच्या समजावण्याने झालं नाही ते त्या थबकण्यात होतं.

कला-उपचार करणाऱ्यांचं एक आवडतं चित्र आहे, पुलाचं. हेज आणि लायन्स या दोघांनी १९८१ मध्ये किशोरवयीन मुलांसाठी ते मांडलं. सूचना अगदी साधी: एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणारा पूल काढा, तुम्ही त्यावर कुठे आहात ते ठिपक्याने दाखवा आणि कोणत्या दिशेने चाललाय ते बाणाने. २००९ मध्ये एलन होल्ट आणि डोना कायझर यांनी व्यसनाच्या सुरुवातीच्या उपचारांसाठी जी चित्रमाला तयार केली, तिच्यात पुलाचं चित्र आहेच. सोबत आणखी काही कामं आहेत: आपल्याला उपचारापर्यंत आणणारं संकट काढा, वर्षभरानंतरचे तुम्ही काढा, वाटेतले अडथळे काढा.

या पुलांकडे निरखून पाहिलं तर किती काय दिसतं! पूल दोरीचा की दगडी? कठडा आहे का? खाली पाणी आहे की नुसती पोकळी? मागचा किनारा झाडाघरांनी भरलेला आणि पुढचा कोरा, असंही होतं. पुढे काय आहे हे आपल्याला माहीतच नाही, हे तो पूल काढणाऱ्या माणसाला कधी वाक्यात म्हणता आलं नसतं. उपचारक इथे भविष्य सांगत नाही, चित्राचा अर्थ लावून देत नाही. तो विचारतो: पुढच्या किनाऱ्यावर पहिली गोष्ट कोणती काढाल? आणि माणूस खडू उचलतो. वर्षानुवर्षं फक्त पेल्याची चित्रं रंगवणाऱ्या मनाच्या पाटीवर पहिल्यांदाच दुसरं काहीतरी उमटायला लागतं.

‘पण मला चित्र काढता येत नाही!’ हे वाक्य तुमच्याही ओठांवर आलं असेल. त्याचं उत्तर गिरिजा कैमल यांनी दिलंय. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात असताना त्यांनी २०१६ मध्ये ३९ निरोगी प्रौढांना माती, स्केचपेन आणि चिकटचित्राचे कागद देऊन ४५ मिनिटं हवं ते बनवायला सांगितलं. आधी आणि नंतर लाळ तपासली, तिच्यातलं कॉर्टिसॉल मोजायला. ताण वाढला की हे संप्रेरक साधारणपणे वाढतं. सुमारे ७५ टक्के लोकांचं कॉर्टिसॉल खाली आलं. आणि ज्यांनी पूर्वी कधी चित्रं काढली होती आणि ज्यांनी नव्हती, त्यांच्यात फरक दिसला नाही! शरीराला चित्र चांगलं झालं की वाईट, याच्याशी कर्तव्यच नाही. ताण हे पुन्हा पिण्याकडे ढकलणारं फार मोठं कारण असतं. म्हणून हे निष्कर्ष निरोगी माणसांवरचे असले तरी व्यसनातून बाहेर पडणाऱ्याला त्यांचं मोल आहे.

आता माणूस राहतो त्या जागेचं कोडं, कारण ओढीचं चित्र जागं करण्यात तिचाही हात असतो. व्हिएतनाम युद्धात तिथे असलेल्या अमेरिकी सैनिकांपैकी जवळपास पाचव्या हिश्श्याला हेरॉइनसारख्या पदार्थांचं व्यसन लागलं होतं. हे सगळे घरी परतल्यावर काय होणार, म्हणून देश धास्तावला. संशोधक ली रॉबिन्स यांनी त्यांचा पाठपुरावा केला आणि निष्कर्षाने सगळे चक्रावले. तिथे व्यसनी झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात सापडले ते सुमारे पाचच टक्के! कारणं अनेक होती, पण एक मोठं कारण जागा. जंगल, तळ, ती माणसं, ते भय, सगळं हजारो किलोमीटर मागे राहिलं होतं. चित्र जागं करणाऱ्या खुणाच समोर उरल्या नाहीत.

आपल्याकडे मात्र उलट होतं. केंद्रात महिना काढून आलेला माणूस त्याच गल्लीत, त्याच चौकात, त्याच दोस्तांत परत येतो. त्याला गाव बदलता येत नाही. मग त्याच्याबरोबर खिशात काय देता येईल?

इथे पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राची आठवण येणारच. लेखक अनिल अवचटांनी गर्दच्या विळख्याबद्दल लिहिलं, ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, त्यांनी देणगी दिली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी हे केंद्र सुरू झालं. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी त्याला आकार दिला. अनिल अवचट स्वतः बासरी वाजवत, लाकूड कोरत, चित्रं काढत आणि ओरिगामीत रमत. ‘छंदांविषयी’ हे त्यांचं पुस्तकच आहे. व्यसनाबद्दल लिहिणारा माणूस आणि छंदांत बुडालेला माणूस एकच असावा, यात मला फार मोठा अर्थ दिसतो.

ओरिगामीचंच बघा. साहित्य एक चौकोनी कागद. कोपऱ्याला कोपरा जुळवायचा आणि अंगठ्याच्या नखाने घडी दाबत न्यायची. पहिली घडी अर्धा मिलिमीटर चुकली तर दहाव्या घडीला पंख जुळत नाही. मग उलगडायचं आणि पुन्हा सुरुवात. नशा सेकंदांत फळ देते, कागद दहा मिनिटांनी देतो. ज्याला थांबणंच असह्य झालं होतं, तो इथे घडीघडीने थांबायला शिकतो. आणि चौकात ओढ दाटून आली, की बसचं तिकीटसुद्धा पुरतं!

हे सगळं वाचून कुणी औषधं सोडून रंगपेटी घेऊ नये, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. वर्षानुवर्षं रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती अचानक बंद केली तर पहिल्या काही दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. ते दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढायचे. कलेची पाळी नंतर येते, औषधं, समुपदेशन आणि स्वमदत गट यांच्या जोडीने. काही गाणी बैठकीची आठवण काढून उलट ओढच जागी करतात, तीही ओळखून बाजूला ठेवावी लागतात. पुराव्याचं म्हणाल तर व्यसनमुक्तीतल्या संगीतोपचाराबद्दल, वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा आढावा २०२२ मध्ये आला. २१ चाचण्या, १९८४ माणसं. नेहमीच्या उपचारांना संगीताची जोड दिली की ओढ कमी होते आणि बदलण्याची उमेद वाढते, असं त्यात दिसलं. उदासी आणि चिंता कमी झाल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. म्हणजे कला सगळं करत नाही. पण जे करते ते नेमकं ओढीच्या ठिकाणी करते.

आपल्या देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, असं २०१९ मध्ये जाहीर झालेलं राष्ट्रीय सर्वेक्षण सांगतं. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळाल्याचं त्याच सर्वेक्षणात दिसलं. उरलेले ३७ आपल्याच घरांत, आपल्याच गल्लीत आहेत. तुमच्या माहितीत असा कुणी असेल तर १४४४६ या सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करा, तो मोफत आहे. डॉक्टर गाठा, केंद्र गाठा. आणि तो घरी परतला की ‘आता तरी सुधार’ असं ऐकवण्याऐवजी त्याच्या हाताला काम द्या. टाळ द्या, माती द्या, कागद द्या. त्याने काहीतरी वाकडंतिकडं बनवून तुमच्यासमोर ठेवलं तर त्याचे गुण-दोष काढू नका. शेजारी बसा आणि तुम्हीही बनवा.